सव्वा कोटी बाहुल्या आणि एक समीकरण

पत्रिकेवर आजचा विषय ‘एजंट-आधारित प्रतिरूपणातील प्रतिमाननिवड’ असा छापलाय. तो वाचूनही आपण इतके लोक आलात, याचं मला खरंच कौतुक वाटतं. (हशा) आधी ‘एजंट’ या शब्दाचं बघू. रत्नागिरीत एजंट म्हटलं की विम्याचा, आरटीओच्या दारातला, नाहीतर वाशीच्या मार्केटात आपल्या पेट्या विकून देणारा. संगणकातला एजंट यांच्यापेक्षा गरीब. तो म्हणजे प्रोग्राममधली एक बाहुली. तिला थोडी माहिती दिलेली असते, दोन-चार नियम दिलेले असतात आणि आजूबाजूला तिच्यासारख्याच इतर बाहुल्या असतात. सगळ्यांना एकत्र सोडायचं आणि काय घडतं ते बघायचं. गर्दी, साथ, बाजार, मासेमारी, काहीही.

याच्या उलट बाजूला जुनी पद्धत आहे, समीकरणाची. तिथं माणसं दिसत नाहीत, साठे दिसतात. इतके लोक निरोगी, इतके आजारी. इतके टन मासे समुद्रात, इतक्या होड्या. एका साठ्यातून दुसऱ्यात किती वाहतं याचा दर लिहायचा आणि गणित सोडवायचं.

गेली काही वर्षं आपल्याकडे असा समज पसरलाय की समीकरण म्हणजे मागासलेपणा आणि एजंट म्हणजे प्रगती. प्रबंधांत दिसतं, सरकारी सादरीकरणांत दिसतं. पडद्यावर ठिपके हलायला लागले की सभागृह गप्प होतं. माझी आजची तक्रार या समजाविरुद्ध आहे. आणि ती मी हवेत करणार नाही, आपल्याच भागातली दोन उदाहरणं घेऊन करणार आहे. एक मुंबईच्या साथींचं. दुसरं इथलं, मिरकरवाड्याचं.

साथींच्या गणिताचा सगळ्यात गाजलेला लेख १९२७ सालचा. केरमॅक आणि मॅकेंड्रिक, दोघे एडिंबरोचे. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात लष्करी वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ साली त्यांची दृष्टी गेलेली. आज कोविडच्या काळात ज्याला सगळे ‘एसआयआर’ म्हणत होते, म्हणजे धोक्यात असलेले, आजारी आणि साथीतून बाहेर पडलेले असे तीन कप्पे, त्याचं मूळ या लेखात. आणि त्यांनी आपलं सूत्र ताडून पाहायला आकडे कुठले घेतले? मुंबई बेटावरच्या प्लेगचे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याला किती माणसं मेली ते. सूत्रात फक्त तीन आकडे: ८९०, ०.२ आणि ३.४. आलेख काढला तर घंटेसारखी रेघ, सतराव्या आठवड्यात, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यावर, माथा. त्या माथ्यावर आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. खऱ्या मृत्यूंचे ठिपके त्या रेघेवर इतके सुबक बसतात की पुढं पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांनी ते चित्र छापलं.

आता गंमत बघा. प्लेग माणसाकडून माणसाला असा पसरत नव्हता, निदान मुंबईतला तो गाठीचा प्लेग. तो उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात. हे १९०६ च्या सुमारास मुंबईतच प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी पक्कं होत होतं. म्हणजे सूत्रात माणसांचे कप्पे आणि मरणाचा खरा हिशेब उंदरांच्या बिळात! तरी रेघ बसली.

इथं एक गोष्ट त्या दोघांच्या बाजूनं सांगितली पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकं ती सांगत नाहीत. त्यांनी स्वतःच लेखात लिहून ठेवलंय की आपण माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब मानतोय, बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखी मानतोय, आणि यातलं काहीही काटेकोरपणे खरं नाही, म्हणून हे सूत्र अगदी ढोबळ समजावं. इतका प्रामाणिकपणा! पुढच्यांनी चित्र घेतलं, कबुली सोडली.

मग २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं हे प्रकरण पुन्हा उघडलं. त्यानं विचारलेला प्रश्न शाळकरी म्हणावा इतका साधा आहे. मुंबईत प्लेग १८९६ साली आला आणि मग वर्षानुवर्षं दर हिवाळ्याच्या शेवटाला परत येत राहिला. साध्या एसआयआरमध्ये साथ एकदाच येते. लागण व्हायला माणसं उरत नाहीत म्हणून ती ओसरते. दर वर्षी त्याच महिन्यांत परत येणारी साथ या सूत्रात बसतच नाही. म्हणजे १९०६ मध्ये साथ ओसरली ती माणसं संपली म्हणून नव्हे, ऋतू बदलला म्हणून. उन्हाळा कडक झाला, पिसवा कमी झाल्या.

दोन्ही स्पष्टीकरणांतून रेघ तीच निघते. पण निर्णय वेगवेगळे निघतात ना! पहिलं खरं असेल तर जूनमध्ये सुटकेचा श्वास घ्या. दुसरं खरं असेल तर जून हीच उंदीर मारायची, गोदामं साफ करायची वेळ, कारण जानेवारीत तो परत येणारच. मॉडेल आकड्यांवर बसलं, एवढ्यावर ते बरोबर ठरत नाही.

लक्षात घ्या, बाकाएरनं हे दाखवायला एकही एजंट वापरला नाही. त्यानं समीकरणात उंदीर आणि ऋतू घातले. चूक समीकरणाच्या जातीत नव्हती, समीकरणात काय घेतलं यात होती. हा मुद्दा धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ११४ वर्षं पुढं येऊ. शहर तेच. २०२० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, आपण टीआयएफआर म्हणतो, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर शहराच्या पातळीचं एजंट-मॉडेल उभं केलं. संगणकात अख्खी मुंबई: सव्वा कोटीच्या आसपास बाहुल्या. प्रत्येकीला घर, वय, शाळा किंवा कामाची जागा, वॉर्ड. झोपडपट्टी आणि इमारती वेगळ्या. पुढं लोकल गाड्यासुद्धा. कारागिरी म्हणून अव्वल काम. मी इथं टीका करणार आहे म्हणून आधीच सांगतो, त्या काळात इतक्या कमी वेळात असं काम करून महापालिकेला देणं ही सोपी गोष्ट नव्हती.

पण टीकाकाराचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: सव्वा कोटी बाहुल्या कशासाठी? कुठला प्रश्न त्यांच्यावाचून अडला होता?

लोक लगेच उत्तर देतात, झोपडपट्टी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत, माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत, सुमारे सात हजार लोकांची रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, बाकीच्यांत १६ टक्के. एकाच शहरात, रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे! ‘मुंबईचा लागणदर’ असा एकच आकडा घेऊन बसणारं समीकरण इथं हास्यास्पद ठरतं, हे कबूल. पण त्यासाठी एजंट लागतात का? नाही लागत. एकाऐवजी दोन साठे करा, झोपडपट्टी आणि इतर, मध्ये येणंजाणं ठेवा. कामवाल्या बाई, ड्रायव्हर, वॉचमन यांच्या फेऱ्या हा दोन साठ्यांमधला दर झाला. दोनाची चार समीकरणं झाली, संपलं. हे दुपारभरात होतं.

बाहुली कुठं लागते ते सांगतो. जिथं माणसाचा स्वतःचा इतिहास आणि त्याचे ठरावीक संबंध निर्णयात मोजावे लागतात तिथं. एका माणसाला लागण झाली, त्याच्या घरच्या पाचांना अलग ठेवायचं की आख्खी चाळ सील करायची? संपर्क शोधणाऱ्यांनी आठवडाभरात किती जणांना गाठलं तर उपयोग होतो? अशा वेळी ‘आजारी: इतके हजार’ असा साठा काही सांगू शकत नाही, कारण साठ्याला शेजारी नसतात. कोण कुणाच्या घरात राहतं हे कळायला घर लागतं, घरात माणसं लागतात. प्रतिबंधित क्षेत्र बरं की संपर्कशोध, हा प्रश्न टीआयएफआरच्या गटानं घेतला होता आणि तिथं त्यांची निवड योग्य होती.

पण त्याच मॉडेलकडून पुढचे अंदाजही मागितले गेले. २०२० च्या शरद ऋतूत, शहर खुलं केलं तर जानेवारी २०२१ पर्यंत मुंबई समूह-प्रतिकारशक्तीच्या जवळ जाईल, अशा आशयाचे आकडे वर्तमानपत्रांत आले. मग काय झालं आपण सगळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारीपासून चढ, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकट्या मुंबईत दिवसाला अकरा हजारांवर रुग्ण. विषाणूनं रूप बदललं होतं. तिकडं समीकरणवाल्यांचं ‘सूत्र’ नावाचं मॉडेल होतं, आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल यांच्या गटाचं. दुसऱ्या लाटेची उंची त्यालाही आधी कळली नाही.

मला यात कुणाचा कान धरायचा नाहीये. बघा, एका बाजूला सव्वा कोटी बाहुल्या, दुसऱ्या बाजूला मूठभर समीकरणं, आणि दोघांचा पाय एकाच खड्ड्यात. कारण खड्डा दोघांच्या खाली होता: विषाणू असाच राहील हे गृहीतक. बाहुल्यांना तुम्ही कितीही बारीक केलंत, त्यांना बुटाचे नंबर दिलेत, तरी जे अज्ञान विषाणूच्या बाजूला आहे ते माणसांच्या बाजूला तपशील वाढवून कमी होत नाही. तपशील तिथं घालायचा जिथं आपल्याला काही माहीत आहे आणि जिथं तो उत्तर बदलतो. एरवी तो नुसता वजन वाढवतो. वाईट म्हणजे विश्वास वाढवतो. ‘प्रत्येक मुंबईकर यात आहे’ म्हटल्यावर कुठला अधिकारी शंका काढेल?

हझहीर रहमंदाद आणि जॉन स्टरमन यांचा २००८ सालचा अभ्यास याच वादावर आहे. त्यांनी एकच साथ दोन्ही पद्धतींनी चालवली, वेगवेगळ्या प्रकारची संपर्कजाळी घेऊन. बऱ्याच परिस्थितींत दोघांच्या सरासरी उत्तरांतला फरक हा, आपल्याला लागणदरच नीट माहीत नाही, यातून येणाऱ्या फरकापुढं लहान निघाला. जाळं फार गुच्छागुच्छांचं असेल तेव्हा मात्र फरक पडतो. म्हणजे ‘एजंट की समीकरण’ हा प्रश्न जातीपातीसारखा जन्मानं सुटत नाही, दर वेळी तपासावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. शहराचं मॉडेल शहराच्या वेशीपाशी थांबतं. आपला प्रश्न तिथून पुढं सुरू होतो, कारण आपल्याकडे चाकरमानी येतात. २०२० चा गणपती २२ ऑगस्टला होता. विलगीकरण आधी चौदा दिवसांचं होतं, गावागावांत ग्राम कृती दलं बसलेली, शाळांत लोक ठेवलेले. मग गणपतीसाठी ते दहा दिवसांवर आणलं आणि १२ ऑगस्टपर्यंत पोचा, असं सांगितलं गेलं. त्यानंतर येणाऱ्याला तपासणी. दहा की चौदा, यावर वाडीवाडीत किती भांडणं झाली आठवतं ना?

तेव्हा हे ठरवायला कुठलं मॉडेल लागलं असतं? माझं मत: दहा की चौदा, एवढंच विचारायचं असेल तर पाठकोऱ्या कागदावरचं त्रैराशिक पुरे. समजा हजार माणसं आली, त्यांतली दहा लागण घेऊन आली. दहाव्या दिवशी सोडलं तर त्यातलं कितीजण अजून रोग देऊ शकतात, चौदाव्या दिवशी सोडलं तर किती, एवढं रोगाच्या मुदतीवरून निघतं. यात ना एजंट लागतो ना कलन. पण तुम्ही जर विचारलंत की ‘१२ ऑगस्टची मुदत घातल्यावर लोक काय करतील’, तर चित्र पालटतं. मुदतीमुळं गर्दी आधी सरकेल, १० आणि ११ तारखेच्या एसट्या भरतील. कुणी सुट्टी नाही म्हणून तपासणी करून उशिरा येईल, कुणी आईवडिलांना आधी पाठवेल. आता नियम आणि माणूस एकमेकांना बघून हलायला लागले. इथं माणसाला काहीतरी डोकं देणं भाग आहे. माझ्या लेखी एजंट घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हे: तुम्ही नियम बदललात तर ज्याच्यावर नियम आहे तो आपली चाल बदलतो का? प्लेगचा उंदीर नगरपालिकेचं परिपत्रक वाचत नाही. चाकरमानी वाचतो. तांडेलही वाचतो.

तर मिरकरवाडा. इथं बसलेल्या अर्ध्याअधिक लोकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा मी बंदराचं वर्णन करत बसत नाही. वाद आपल्याला ठाऊक आहे: एकीकडे रापण, गिलनेट असे पारंपरिक मच्छीमार, दुसरीकडे पर्ससीन. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला, परवान्यांवर मर्यादा आली, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. हे सगळे निर्णय शेवटी एका प्रश्नावर उभे आहेत: किती जाळी, कुठं आणि कधी?

या प्रश्नाचं अभिजात उत्तर १९५४ सालचं आहे. त्या एकाच वर्षी शेफरनं माशांच्या वाढीचं आणि गॉर्डननं मासेमारीच्या अर्थकारणाचं गणित मांडलं. समुद्र म्हणजे एक टाकी; मासे वाढतात, टाकी भरत आली की वाढ मंदावते; होड्या जितक्या जास्त तितकी पकड, पण एका मर्यादेपर्यंतच. मग ‘जास्तीत जास्त टिकाऊ उत्पादन’ नावाचा आकडा निघतो. त्यात टाकीत किती मासे आहेत हे कळायला एक युक्ती आहे: एका होडीला एका फेरीत किती मिळतं ते बघा. ते कमी झालं तर मासा कमी झाला.

ही युक्ती तळाशी पसरून राहणाऱ्या माशाला थोडीफार चालते. बांगडा आणि तारली थव्यानं फिरतात. मासा निम्मा झाला तरी उरलेला निम्मा थव्यातच असतो. थवा सापडला की जाळं भरतं. आणि थवा शोधायला आता फिश-फाइंडर आहे, वायरलेस आहे, मोबाइल आहे. म्हणून टाकी रिकामी होत असतानाही होडीमागची पकड बराच काळ भरलेली दिसते, आणि मग एकदम पडते. इथं टाकीचं समीकरण निव्वळ ढोबळ राहत नाही. ज्या दिशेला चुकायला नको नेमकं त्याच दिशेला चुकतं. शिवाय तारलीचं पाण्याशी, पावसाशी वेगळंच नातं. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली आणि २०२१ साली जेमतेम ३,३०० टनांच्या आसपास. हा उतार निव्वळ होड्यांच्या संख्येनं समजावता येत नाही.

मग घ्या एजंट, असं तुम्ही म्हणाल. थांबा. मासेमारीत वागणुकीचं मॉडेल आणणाऱ्यांत पीटर ॲलन आणि जॅकलीन मॅकग्लेड यांचं नाव नेहमी येतं. १९८६-८७ चं काम, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचा किनारा. त्यांनी मच्छीमारांच्या दोन वृत्ती मानल्या. एकाला नाव दिलं ‘कार्टेशियन’, जिथं मासा आहे अशी खबर आहे तिथंच जाणारा, हिशेबी. दुसरा ‘स्टोकास्ट’, नशीब आजमावत नव्या पाण्यात जाणारा. ताफ्यात सगळेच हिशेबी असतील तर सगळे एका जागेला चिकटतात आणि ती जागा संपल्यावर अडकतात. नवा थवा शोधतो तो धाडशी, आणि त्याच्या मागोमाग हिशेबी येतात. कोण कुणाला खबर देतो, कोण लपवतो, हेही त्यांनी गणितात घातलं. आपल्या बंदरात दोन्ही वृत्तीचे तांडेल आपण बोटं दाखवून सांगू शकतो. दाखवू नका! (हशा)

आज कुणीही हे उदाहरण एजंट-मॉडेलचा पूर्वज म्हणून देतो. पण त्यांच्याकडे प्रत्येक होडी वेगळी नव्हती. समुद्राचे भाग पाडलेले, त्यात ताफे, आणि ताफा एका भागातून दुसऱ्यात किती सरकेल याची समीकरणंच. म्हणजे माणसाचं डोकं समीकरणातही बसवता येतं. दोन पद्धतींमधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

समजा तरीही आपण ठरवलं की मिरकरवाड्यासाठी एजंट-मॉडेल करायचं. आता खरी निवड सुरू होते, आणि ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे ती इथं येते. प्रबंधात लिहिलेलं असतं, ‘एजंट-आधारित पद्धत वापरली’. बस्स! म्हणजे ‘वाहनानं आलो’ म्हटल्यासारखं. सायकल की विमान?

पहिला प्रश्न, एजंट कोण? पोरं पटकन ‘बोट’ नावाचा वर्ग लिहितात, कारण बोट मोजता येते, तिचा नोंदणी क्रमांक असतो. त्या वर्गात इंजिन घालतात, जाळं घालतात आणि कुठं मासा मिळतो याचं ज्ञानही घालतात. पण ज्ञान बोटीत असतं का? ते तांडेलाच्या डोक्यात असतं. हंगाम बदलला की तांडेल दुसऱ्या मालकाकडे जातो आणि ज्ञान त्याच्याबरोबर जातं. तुमच्या प्रोग्राममध्ये ते जुन्या बोटीतच राहिलेलं असतं! आणि तीन बोटी असलेला मालक? डिझेल किती भरायचं, कुठली बोट बांधून ठेवायची हे तो ठरवतो. खलाशी वाट्यावर असेल तर त्याला आणखी एक फेरी मारावीशी वाटेल, ठरलेल्या पगारावर असेल तर कदाचित नाही. म्हणजे बोट ही वस्तू झाली, तांडेल आणि मालक हे दोन निरनिराळे कर्ते झाले, आणि त्यांच्यातला करार हा तिसरा भाग. ही मांडणी प्रोग्रामची भाषा ठरवण्याआधी, कागदावर, बंदरावर चार दिवस बसून करावी लागते.

दुसरा, डोकं कसलं? एक प्रकार ‘असं असेल तर तसं कर’चा: काल जिथं मिळालं तिथं जा, दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या तर जागा बदल. दुसरा नफ्याचा: सगळ्या जागांचा हिशेब कर, सर्वांत फायद्याची निवड. तिसऱ्या प्रकारात एजंटाला समजुती, इच्छा आणि बेत असे कप्पे देतात. अर्थशास्त्रातून आलेले दुसरा घेतात, संगणकातले तिसरा, कारण तो लिहायला मजा येते. मिरकरवाड्यात मी पहिल्यापासून सुरू करीन आणि तो मोडेपर्यंत त्याच्यावर राहीन. कारण साधं आहे: दोन रिकाम्या फेऱ्यांनंतर तांडेल काय करतो हे त्याला विचारता येतं, बघता येतं. त्याच्या मनातलं नफ्याचं सूत्र विचारता येत नाही. जो नियम तपासता येत नाही तो मॉडेलमध्ये फुकट राहत नाही, उत्तरात लपून बसतो.

तिसरी गोष्ट कुणी विचारतही नाही: घड्याळ. सगळे एजंट एकाच ठोक्याला हलतात की एकामागून एक? हा फालतू तांत्रिक तपशील वाटतो. १९९२ मध्ये नोवाक आणि मे यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की चौकटींच्या पटावर स्वार्थी आणि सहकारी खेळाडू ठेवले, प्रत्येकानं शेजाऱ्यांत सर्वांत यशस्वी असेल त्याची नक्कल केली, तर सहकारी लोक टिकून राहतात, सुंदर नक्षी होते. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी तेच नियम घेतले, फक्त सगळ्यांना एकदम हलवण्याऐवजी एकेकाला हलवलं. सहकार नाहीसा झाला, पट सगळा स्वार्थ्यांनी भरला. मग नोवाक आणि मंडळींनी १९९४ मध्ये उत्तर दिलं की इतर आकडे घेतले तर एकेक हलवूनही सहकार टिकतो. वाद अर्धवट सुटला म्हणा. पण माणसाच्या स्वभावाबद्दलचा निष्कर्ष घड्याळाच्या ठोक्यावर लटकत होता, हे तर उघड झालं ना? आता आपल्या बंदराचं बघा. प्रोग्राम यादीतल्या पहिल्या बोटीपासून सुरुवात करत असेल तर बोट क्रमांक एक रोज सर्वांत आधी थव्यावर पोचते, आणि वर्षअखेर ती श्रीमंत होते. संशोधक मग तिच्या श्रीमंतीचं कारण तिच्या जाळ्यात शोधतो!

आणि काही वेळा कुठलंच मॉडेल लागत नाही. उत्तर केरळच्या तीन जिल्ह्यांत १९९७ ते २००१ दरम्यान टप्प्याटप्प्यानं मोबाइल आले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं त्याआधी आणि नंतरच्या तारलीच्या किमती बंदरोबंदर तपासल्या. आधी एका बंदरात मासा फेकून द्यायची वेळ, पकडीतला ५ ते ८ टक्के वाया. शेजारच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हातांनी परत. मोबाइल आल्यावर किमती जवळजवळ सारख्या झाल्या, नासाडी संपली. २००७ साली लेख आला. ‘माहिती मिळाली तर तांडेल बंदर बदलतो का’ हे तिथं खऱ्या बंदरांनीच दाखवून दिलं. निसर्गानं प्रयोग करून ठेवला असेल तर संगणकात तोच पुन्हा करायचा कशाला?

मग परवान्यांच्या वादात मी काय करीन? हा प्रश्न मला मध्यंतरात विचारला गेला, तेव्हा सांगून टाकतो. शेफरची टाकी मी फेकणार नाही, पण तिचे दोन भाग करीन: किनाऱ्याजवळचं पाणी, जिथं गिलनेट आणि रापण जगते, आणि बाहेरचं पाणी. माशांच्या बाजूला समीकरण राहील, कारण प्रत्येक बांगड्याला बाहुली करण्यात अर्थ नाही. होड्यांच्या बाजूला कर्ते घेईन, आणि तेही एका प्रश्नापुरते: ३१ डिसेंबरला पर्ससीन बंद झाल्यावर त्या बोटी जातात कुठं? बांधून राहतात, जाळं बदलून गिलनेटवाल्यांच्याच पाण्यात येतात, की दिवे लावून रात्री बाहेर पडतात? आदेशाचा परिणाम सगळा यावर अवलंबून आहे. परवाने निम्मे केले आणि उरलेल्यांनी दुप्पट रात्री काढल्या तर टाकीच्या गणितात जे वाचलं ते पाण्यात वाचणार नाही. आणि ज्यांनी जाळी विकली त्या कुटुंबांना यातलं काय मिळालं, हे टाकीला कधीच विचारता येत नाही.

हे मॉडेल चालवण्याआधी मी लिहून ठेवीन की काय दिसलं तर ते खोटं धरायचं. उदाहरणार्थ, जानेवारीत मिरकरवाड्यावर बांगड्याचा लिलाव कमी होईल पण जयगड, पूर्णगडकडे वाढेल, असं मॉडेल म्हणालं आणि तसं झालं नाही, तर नियम चुकीचा. एका आलेखावर रेघ बसवणं सोपं, प्लेगनं ते दाखवलंय. पकड, भाव, बोटींच्या बाहेर पडण्याच्या वेळा आणि बंदरं अशा चार गोष्टींवर एकाच वेळी बसवणं अवघड असतं, आणि त्या अवघडपणातच मॉडेलची परीक्षा आहे. फोल्कर ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून ही पद्धत लावून धरली आहे. मॉडेलचं वर्णन कसं लिहावं याचा त्यांचा २००६ चा ठराविक नमुनाही आहे: हेतू काय, कर्ते कोण, घड्याळ कसं, यादृच्छिकता कुठं. आपल्याकडच्या प्रबंधपरीक्षकांनी तो नमुना सक्तीचा केला तर निम्म्या ठिपक्यांच्या फिल्मी बंद होतील.

आकडे मात्र लागतील. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवरचे नमुने घेऊन पकडीचे अंदाज काढते. त्यातून किती टन उतरलं ते कळतं. बोट कुठून घेऊन आली, तांडेल कुणाबरोबर गेला, दोन रिकाम्या फेऱ्यांनंतर त्यानं काय केलं, हे त्या अंदाजांत बसत नाही; ते कुणीतरी बंदरावर उभं राहून, नारळी पौर्णिमेपासून मेअखेरपर्यंत, विचारूनच लिहावं लागेल. समोर बसलेल्यांपैकी दोन-तीन विद्यार्थी आणि दोन तांडेल तयार असतील तर या हंगामात सुरुवात करता येईल. वहीचे रकाने मी आखून आणलेत, सभा संपल्यावर टेबलावर बघा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर होता मघापासून, तिथून सुरू करू.